उजनी सोडेल गाठ

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी मला भोळसट समजणार नाही. मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. मांजर आडवं गेलं तर मी स्कूटीचा हॉर्न वाजवते आणि पुढे जाते. फॅमिली ग्रुपवर कुणी 'हा मेसेज अकरा जणांना पाठवा' असं टाकलं की पहिला उलटा प्रश्न माझाच असतो. धुळ्यात देवपूरला आम्ही राहतो आणि तिथल्याच एका कॉलेजच्या ऑफिसात मी अठरा वर्षं काम करते. परीक्षेचे फॉर्म, स्कॉलरशिप, दाखले... तारीख चुकली की पोराचं वर्ष जातं, त्यामुळे सगळं लिहून ठेवायची मला सवय. फोनमध्ये एक कॅलेंडर, एक कामांची यादी, एक नुसत्या आठवणी करून देणारं ॲप, आणि त्या तिघांवर भरवसा नाही म्हणून टेबलावर एक डायरी. आमचे हे म्हणतात, "श्वास घ्यायचा रिमाइंडर तेवढा लावायचा राहिलाय तुझा."

ह्या सवयीमागे एक कारण आहे. ते मी छत्तीस वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं. यंदा अखाजीच्या तोंडावर जे घडलं, त्यामुळे सांगावं लागलं.

आमचं गाव एरंडोलपासून पद्मालयाच्या वाटेवर. माझे वडील — नाना — कापूस, मका, थोडी केळी करायचे. सातवीपर्यंत शिकलेले होते, पोथी घडाघडा वाचायचे, पण कामं लक्षात ठेवायची त्यांची पद्धत एकच होती. खांद्यावरच्या उपरण्याच्या टोकाला गाठ. बियाणं आणायचं आहे, एक गाठ. पंपवाल्याला निरोप द्यायचा आहे, दुसरी गाठ. वस्तूची गाठ एकेरी आणि माणसाची गाठ दुहेरी, हा त्यांचा नियम. काम झालं की तिथल्या तिथे, भर बाजारात असले तरी, गाठ सोडायची. माय उपरणं धुवायला घ्यायची तेव्हा गाठींसकट धुवायची. पांढऱ्या उपरण्यावर त्या गाठींच्या आत तेवढा जुना मळ राहायचा, आणि गाठ सुटली की तिथे एक पिवळट सुरकुतलेली खूण दिसायची. मला ती खूण फार आवडायची. आजही डोळे मिटले की आधी तीच आठवते, नानांचा चेहरा नंतर.

मी तिसरीत होते. माय बाळंतपणासाठी अमळनेरला माहेरी गेली होती, घरी मी आणि नाना दोघंच. अखाजी चार-पाच दिवसांवर आली होती. जे आमच्या भागातले नाहीत त्यांच्यासाठी सांगते — अक्षय्य तृतीयेला आम्ही अखाजी म्हणतो, आणि खानदेशातल्या लेकीबाळींची खरी दिवाळी ती. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराई मांडतात. पण लेक आपली आपण येत नाही. भावाने तिला न्यायला जायचं असतं. जो जातो त्याला मुराळी म्हणतात. नानांची एकुलती एक थोरली बहीण, आम्ही सगळे तिला अक्काच म्हणायचो, भुसावळला रेल्वे कॉलनीत राहायची. नाना दरवर्षी आदल्या दिवशी जाऊन तिला घेऊन यायचे. अक्का आली की घराचा आवाजच बदलायचा. ती झोक्यावर उभी राहून इतका उंच झोका घ्यायची की निंबाची पानं तिच्या केसांत अडकायची.

त्या दुपारी नाना खाटेवर झोपले होते आणि उपरणं खुंटीला होतं. मला गौराईसाठी पदर हवा होता, म्हणून मी ते काढलं. टोकाला तीन गाठी होत्या, मधली दुहेरी. नुकतीच मी दातांनी गाठ सोडायला शिकले होते, त्यामुळे हात शिवशिवत होते. सोडली. सुटली तेव्हा इतका आनंद झाला... आणि मग एकदम भीती वाटली. परत मारायला गेले तर जमेना. उपरणं होतं तसं खुंटीला टांगून दिलं.

संध्याकाळी नानांनी टोकं चाचपली. दोनदा चाचपली. मग माझ्याकडे बघून विचारलं, "उजा, गाठ तू सोडी का वं?"

उजा म्हणजे मी. उज्ज्वला नाव आहे माझं. मी म्हटलं, "नही, नाना."

ते थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मंग सुटी गई व्हई."

अखाजीच्या आदल्या दिवशी पहाटेच अमळनेरहून निरोप आला — मुलगा झाला. भूषणचा जन्म. नानांनी मला काखोटीला मारलं आणि मिळेल त्या गाडीने अमळनेर गाठलं. आनंदात त्यांना दुसरं काही सुचेना, आणि खांद्यावर आठवण करून देणारी गाठ तर राहिलीच नव्हती, सुटलेली त्यांनी परत मारली नव्हती. अखाजीच्या दिवशी दुपारी, मामाच्या घरी ताटावर बसल्यावर, त्यांचा घास हातातच राहिला. "अक्का..." एवढंच ते बोलले आणि ताटावरून उठले. मी समोर आमरस खात बसले होते. त्या रसाची चव अजून माझ्या तोंडात आहे.

अक्का पुन्हा कधी अखाजीला आली नाही. पुढच्या वर्षी नाना साडी घेऊन गेले, त्याच्या पुढच्या वर्षीही गेले. तिने चहा दिला, साडी घेतली नाही. आमच्याकडच्या लग्नांना यायची, मयतीला यायची, पाणी पिऊन त्याच दिवशी परत जायची. तिची सासू तेव्हा तिला भावावरून फार टोचून बोलली होती, हे मला मोठी झाल्यावर कळलं. निंबाच्या त्या फांदीला आमच्याकडे झोका बांधायचं हळूहळू बंद झालं. आणि मी... मी वह्या लिहायला लागले, मग डायऱ्या, मग ॲप्स. कितीतरी वेळा नानांना सांगावंसं वाटलं. लग्न होऊन धुळ्याला येताना, गाडीत बसायच्या आधी तर अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात कुणीतरी नारळ मागितला.

आता फोनकडे येते.

सहा-सात वर्षांपूर्वी मी माझा जुना स्मार्टफोन नानांना दिला. मागचं झाकण निघणारा, जाडजूड. त्यात मराठी व्हॉइस टायपिंग चालू करून दिलं, आणि माझ्या कामांच्या यादीच्या ॲपमध्ये आम्हा दोघांची एक सामायिक यादी केली. त्यांनी बोलायचं, ते त्यांच्याकडे आणि माझ्याकडे दोन्हीकडे दिसायचं. यादीला नाव दिलं 'गाठी'. नाना खूश! म्हणाले, "गाठ मारानी, काम व्हयनं का सोडी देवानी. यामा इतलं शिकानं काय शे?"

गंमत वेगळीच झाली. नाना बोलायचे अहिराणी आणि फोनला येत होती फक्त पुस्तकातली मराठी. त्यात नाना फोन तोंडासमोर धरून, शेताच्या पलीकडच्या बांधावरच्या माणसाला हाक मारावी तसे ओरडायचे. 'शे' म्हणजे 'आहे', पण फोन त्याचं 'शेअर' करायचा. 'बठ्ठा' म्हणजे 'सगळा', त्याचा व्हायचा 'भत्ता'. मग मला ऑफिसात बसल्या बसल्या मेसेज यायचे — 'भत्ता कापूस भरा ना शेअर', 'दवाखाना मा जावा ना शेअर'. आमच्या कॉम्प्युटर लॅबचे वाघ सर एकदा माझ्या स्क्रीनवर डोकावून म्हणाले, "मॅडम, तुमचे वडील शेअर मार्केटमध्ये कधीपासून?" मी हे नानांना सांगितलं तर ते म्हणाले, "त्याले शाळामा धाड आधी." उपरणं मात्र त्यांनी सोडलं नाही. महत्त्वाचं काम असलं की फोनवर बोलून झाल्यावर टोकालाही एक गाठ मारायचेच. मी चिडवलं की म्हणायचे, "उपरनानी बॅटरी उतरत नही."

दोन वर्षांपूर्वी, कापूस वेचणीच्या दिवसांत, नाना गेले. सकाळचा चहा झाला होता, ओट्यावर बसले होते, तिथेच. अक्का आली. पंचाहत्तरी ओलांडलेली, काठी टेकत. रडली नाही. जाताना मायला एवढंच म्हणाली, "आते माले लेवाले कोन येई?" तिला न्यायला आता कोण येणार, असं विचारत होती ती, आणि मी बाजूला उभी होते. काय वाटलं ते लिहिता येणार नाही.

'गाठी' यादीत नानांची सहा कामं राहिली होती. ती मी आणि भूषणने मिळून वर्षभरात केली. 'मायना चष्मा शेअर' झाला. 'निंबले पार बांधाना शेअर' झाला. एकेक काम झालं की ॲपमध्ये त्यापुढे मी खूण करायची. शेवटची खूण केली तेव्हा यादी रिकामी झाली, पण ती डिलीट करवेना. तशीच राहू दिली. नानांचा फोन ट्रंकेत उपरण्यासोबत ठेवला होता.

यंदाच्या अखाजीच्या आधीच्या सोमवारची गोष्ट. ऑफिसात फॉर्म भरायची झुंबड, खिडकीवर रांग. सकाळी अकरा वीसला फोन टिंग वाजला. स्क्रीनवर —

'नाना यांनी गाठी मध्ये नवीन काम जोडले : उजनी सोडेल गाठ शेअर.'

मी हातातला फॉर्म तसाच खाली ठेवला. पण दोन मिनिटांत सावरले. भूषणच्या पोरांनी फोन काढला असणार खेळायला. भूषणला फोन लावला, जरा रागातच. तो म्हणाला, "ताई, काय बोली राहिनी? फोन तं ट्रंकमा शे. बॅटरी फुगी गई व्हती, मी काढीसन फेकी दिधी. सिम तं कव्हयनं बंद."

मी त्याला ट्रंक उघडायला लावली, व्हिडिओ कॉलवर. उपरण्याच्या घडीवर फोन होता. झाकण उघडून त्याने आतली रिकामी जागा दाखवली.

मी मजकूर पुन्हा वाचला. उजनी सोडेल... आता उजनी धरण तिकडे सोलापूरला. ते पाणी सोडेल नाहीतर ठेवेल, आमच्या गावाचा त्याच्याशी काय संबंध? कुठली तरी जुनी बातमी, कुठला तरी घोळ, असं म्हणून मी ते काम डिलीट केलं.

मंगळवारी अकरा वीसला पुन्हा तेच. शब्द न् शब्द तेच.

मी वाघ सरांना गाठलं. हा माणूस चहासुद्धा पासवर्ड विचारल्यासारखा मागतो, असल्या बाबतीत पक्का. त्याने सगळं तपासलं. त्या खात्यात फक्त माझी दोन उपकरणं जोडलेली होती, तिसरं कुठलंच नाही. म्हणाला, "सिंकचा प्रॉब्लेम. वडिलांनी कधीतरी रेंज नसताना बोलून ठेवलं असेल, ते कुठेतरी अडकलं होतं, आता वर आलं." मी म्हटलं, "बॅटरी नसलेल्या फोनमधून?" त्यावर त्याने खांदे उडवले, आणि नानांचं नाव यादीतून काढूनच टाकलं. सदस्य फक्त मी. पासवर्ड बदलला. "आता येऊन दाखवू दे," म्हणाला.

बुधवारी अकरा वीसला तो मुद्दाम माझ्या टेबलाशी येऊन उभा होता. टिंग.

'नाना यांनी गाठी मध्ये नवीन काम जोडले.'

यादीत नसलेल्या माणसाने. वाघ सर खुर्ची ओढून बसला आणि माझाच पाण्याचा ग्लास पिऊन टाकला.

मला भीती वाटली का? खरं सांगू, नाही. नानांचं नाव स्क्रीनवर दिसलं की ते पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटायचं, एवढंच. मी जेवणाच्या सुट्टीत मायला फोन लावला. मायला मोबाइल म्हणजे फक्त हिरवं बटण, तिला वाचता येत नाही. तिला म्हटलं, नानांचा एक जुना मेसेज सापडलाय, अर्थ लागत नाही, ऐक. आणि मोठ्याने वाचलं —

"उजनी सोडेल गाठ शे..."

मायने ऐकून घेतलं. मग सहज विचारावं तसं तिने विचारलं, "कोनती गाठ सोडी व्हती वं तू?"

मी म्हटलं, "काय?"

"तूच तं वाची राहिनी ना. उजानी सोडेल गाठ. तू सोडेल. कोनती गाठ?"

मी हातातला डबा खाली ठेवला. अठरा वर्षं ऑफिसची मराठी बोलून माझे कानच बदलले होते. मी 'सोडेल' वाचत होते — म्हणजे उद्या-परवा कधीतरी सोडेल. पण आमच्या अहिराणीत 'सोडेल' म्हणजे सोडलेली. झालेली गोष्ट. आणि फोनला माझं नाव माहीत नव्हतं, धरणाचं माहीत होतं. नाना म्हणाले असणार, "उजानी सोडेल गाठ शे." उजाने सोडलेली गाठ आहे. बाकी आहे.

म्हणजे नानांना माहीत होतं! त्या संध्याकाळपासून माहीत होतं. "मंग सुटी गई व्हई" म्हणाले तेव्हाही. आणि मायच्या बोलण्यावरून उघड होतं की तिलासुद्धा ते कधी काही बोलले नव्हते. मी कॉलेजच्या मागच्या जिन्यात बसून पदर तोंडात कोंबून रडले. चव्वेचाळीस वर्षांची बाई. शिपाई वर येत होता, तो तसाच उलटा खाली गेला.

शनिवारी गावी गेले आणि माय अन् भूषणला सगळं सांगितलं. मायने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. भूषण म्हणाला, म्हणजे माझ्या जन्मामुळेच झालं ते. मी त्याला म्हटलं, तू गप्प बस, हे माझं आहे.

अखाजीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं भूषणच्या गाडीने भुसावळला निघालो. बाई कधी मुराळी होत नाही, पण भूषण म्हणाला, मी मुराळी, तू माझ्यासोबत. नशिराबादच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं, गाडी अडकली. माझा फोन डॅशबोर्डवर होता. अकरा वीस. टिंग. आठवडाभर माझी समजूत काढणाऱ्या भूषणने तो मजकूर स्वतःच्या डोळ्यांनी वाचला. त्याने गाडीतली गाणी बंद केली.

अक्का मुलाच्या घरी असते. ओट्यावर खुर्ची टाकून बसली होती. भूषणने पाया पडून म्हटलं, "अक्का, लेवाले उनूत." तिने दोघांकडे बघितलं, आणि म्हणाली, "बठा. च्या लेवा."

मी बसले नाही. बसले असते तर परत नारळ कुणीतरी मागितला असता. उभ्यानेच सांगितलं सगळं — उपरणं, गौराई, दातांनी सोडलेली दुहेरी गाठ, "नही, नाना" म्हटलेलं. मेसेजचंही सांगितलं. अक्काचा चेहरा हलला नाही. माझं संपलं तरी ती रस्त्याकडेच बघत होती. मला वाटलं, झालं, आता ही मलाही पाणी देऊन वाटेला लावणार.

मग तिने सुनेला हाक मारून कपाटातला डबा मागवला. त्यातून एक पोस्टकार्ड काढलं, कडा झिजलेलं, मधोमध घडी पडून दुभंगायला आलेलं. नानांचं अक्षर मी लगेच ओळखलं. त्या वर्षीचं अखाजीचं कार्ड. 'अखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी ११-२० च्या पॅसेंजरने घ्यायला येतो. तयार राहणे.'

भूषणने ते माझ्या हातातून घेतलं आणि परत परत वाचलं. आता मी बसले.

अक्का म्हणाली, "सकायपाइन ओटावर बठनी व्हती मी. थैली मांडीवर. गाडी टाइमवर उनी. नाना नही ऊना." पुढे म्हणाली, "मंग दर साल ये तो. मी विचारू, इसरी गया ना माले? तं म्हने, नही अक्का, गाठ सुटी गई. इतलंच म्हने. माले वाटे, खोटं बोलस. नानानी दुहेरी गाठ अशी सुटस का कव्हय?"

मी म्हटलं, "अक्का, माफ कर वं."

"तुले काय माफ करू? आठ वरीसनी पोर व्हती तू." तिने भूषणच्या हातातलं कार्ड परत घेतलं. "त्याले धड बोलनी नही मी इतला वरीस. तुनं नाव सांगी देता तं मी दुसऱ्या दिनले उनी असती. पन त्यानी सांगं नही." मग तिने डोळ्यांना पदर लावला आणि बराच वेळ काढला नाही. नाना गेले तेव्हा न आलेलं रडू तिला त्या दिवशी आलं. आम्ही तिघंही रडलो, तिची सून चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी राहिली.

चहा प्यायलो. मग अक्का उठली आणि थैली भरायला आत गेली.

गावात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. भूषणच्या पोरांनी निंबाला झोका बांधून ठेवला होता. अक्काने काठी पाराला टेकवली, झोक्याची दोरी हाताने ओढून बघितली, आणि "गाठ पक्की शे का?" असं विचारून माझ्याकडे बघून हसली. माझ्या मनात आलं, इथे नाना हवे होते. तिने घराच्या उंबऱ्यात पाय ठेवला तेव्हा मी फोन काढला आणि त्या कामापुढे खूण केली. दुसऱ्या दिवशी पितरांसाठी घागर भरली, वर खरबूज ठेवलं, नानांच्या नावाने सांजोऱ्यांचा नैवेद्य दाखवला. अकरा वीसला मी, भूषण आणि माय तिघंही फोनसमोर बसलो होतो. फोन वाजला नाही. त्यानंतर आजपर्यंत वाजलेला नाही.

एक गोष्ट राहिली. अखाजीच्या दुपारी अक्काने नानांचं उपरणं बघायला मागितलं. मायने ट्रंकेतून काढून दिलं. माय सांगते की नाना गेल्यावर तिने ते सोडा लावून धुतलं होतं आणि एरंडोलला कडक इस्त्री करून आणलं होतं. पण घडी उलगडली तर एका टोकाला ती खूण होती — पिवळट, सुरकुतलेली, नुकती सुटल्यासारखी. दुहेरी गाठीची.

मी वाघ सरांना सगळं सांगितलं. तो अजूनही 'सिंक' म्हणतो, पण पूर्वीसारखं जोरात म्हणत नाही. पोस्टकार्डावरची वेळ मी त्याआधी कधी पाहिली नव्हती, बॅटरी नव्हती, यादीत नाव नव्हतं. नाना ते वाक्य कधी बोलले, कुठे उभे राहून बोलले, मला माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला काही कळत असेल तर जरूर लिहा, मी रागावणार नाही.

अक्का पाच दिवस राहिली. निघताना तिने उपरण्याचं टोक हातात घेतलं, एकावर एक गाठ मारली, दातांनी घट्ट ओढली आणि उपरणं माझ्या हातात दिलं.

"ही पुढली अखाजीनी," ती म्हणाली. "सोडजो, पन मी उनी का मंग."

पुढच्या अखाजीचा रिमाइंडर मी कुठल्याच ॲपमध्ये लावलेला नाही. उपरणं देवपूरच्या घरी माझ्या कपाटात आहे, आणि सकाळी साडी काढताना मी रोज एकदा ते टोक चाचपून बघते.